रविवारी गिरणी बंद राहील

सुरुवातीलाच माफी मागतो. कामाच्या आठवणी लिहाव्यात त्या आयुष्यभर एका जागी राबून निवृत्त झालेल्या माणसांनी. मी अजून कला शाखेच्या शेवटच्या वर्षाला आहे, आणि माझं काम म्हणजे सकाळचं कॉलेज करून दुपारपासून पिठाच्या गिरणीत दळण टाकणं. आमच्या घरातल्या कुणाचं नाव आजवर छापून आलं असेल तर ते लग्नपत्रिकेत. त्यामुळे कॉलेजच्या या अंकाचं काम बघणारे आमचे सर ‘तुझ्या कामावर लिही’ म्हणाले तेव्हा मला ती थट्टा वाटली. मी म्हटलं, सर, तिथं लिहिण्यासारखं काही घडत नाही, आणि घडलं तरी गिरणीच्या आवाजात ऐकू येत नाही. सर म्हणाले, मग ती बंद असते तेव्हाचं लिही.

म्हणून धाडस करतो आहे. काही चुकलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

आमची गिरणी शिनोलीत आहे, घोडेगावहून भीमाशंकरकडे जाणाऱ्या रस्त्याला लागूनच. ‘आमची’ म्हणायची सवय लागली आहे, खरी ती बबनतात्या आणि सुमनकाकू या नवरा-बायकोची. माझं गाव डिंभ्याच्या वर डोंगरात. वडील भात आणि नाचणी करतात. कॉलेज घोडेगावला, रोज डोंगरातून ये-जा जमणारी नव्हती, म्हणून बारावीनंतर वडिलांनी तात्यांना विचारलं आणि गिरणीमागच्या खोलीत माझी सोय झाली. तात्या मला पहिल्या दिवसापासून ‘मास्तर’ म्हणतात. मी कॉलेजात जातो म्हणजे पुढे मास्तरच होणार, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं आहे.

ज्यांनी दळण नेहमी दुसऱ्याच्या हाती पाठवलं त्यांच्यासाठी थोडं सांगतो. गिरणीत दोन गोल दगड असतात, एक थांबलेला आणि एक फिरणारा. दाणे वरून पडतात, दोघांमध्ये भरडले जातात आणि खालच्या तोंडातून पीठ येतं. ते पीठ तळहातावर घेऊन अंगठ्यानं चोळायचं आणि जाड-बारीक ठरवायचं. गव्हाला वेगळं, बाजरीला वेगळं. डाळीमागून लगेच ज्वारी टाकली तर ज्वारीवाली बाई भांडायला येते, कारण आधीच्या दळणाचं थोडं पीठ पुढच्यात उतरतंच. म्हणून येणारा प्रत्येक माणूस डबा खाली ठेवायच्या आधी एकच प्रश्न विचारतो, “आधी काय दळलं?”

आणि दगड झिजतात. झिजलेला दगड दाणा कापत नाही, नुसता घासतो. पीठ गरम येतं आणि त्याच्या भाकरीला थापतानाच चिरा पडतात. म्हणून दगड उघडून त्यांना टाकी लावायची, म्हणजे छिन्नी-हातोडीनं त्यांच्या चऱ्या पुन्हा खोल करायच्या. सगळं बसवलं की पहिल्यांदा कोंडा किंवा जनावरांची भरड दळून घ्यायची, कारण पहिल्या पिठात दगडाची कच उतरते. ती भरड माणसाला देत नाहीत. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

या सगळ्याचा आवाज इतका असतो की गिरणीतली माणसं घरीही ओरडूनच बोलतात. काकू शेजारणीला मीठ मागतात ते रस्त्यापलीकडच्या स्टँडवर ऐकू जातं. माझं मात्र विचित्र झालं आहे. गिरणीत मी खणखणीत ओरडतो, आणि कॉलेजात सरांनी उभं केलं की माझा आवाज मलाच ऐकू येत नाही.

मी आलो तेव्हा गिरणीला सुट्टी हा प्रकार नव्हता. तात्या सांगायचे की पूर्वी लोडशेडिंगच्या काळात लाइट जायची तेव्हा आपोआप विश्रांती मिळायची. तेव्हा त्यांनी वीज मंडळाला पुष्कळ शिव्या दिल्या होत्या. लाइट सुधारली आणि तात्यांची उसंत गेली. काकू म्हणायच्या, “तवा निदान अंधारात का व्हईना, दोघं ओट्यावर बसायचो.”

काकूंचं माहेर निमगाव सावा. नकाशात बघितलं तर फार लांब नाही, आंबेगावातून जुन्नर तालुक्यात जायचं. पण एसटीनं जायचं म्हणजे घोडेगावला उतरा, मंचरला बदला, नारायणगावला पुन्हा बदला. काकू सकाळी निघाल्या तरी पोचेपर्यंत जेवणवेळ टळलेली असायची, आणि संध्याकाळची दळणं डोळ्यांसमोर दिसत असल्यामुळे चहा घेऊन परतीची गाडी गाठायची. त्यांची आई थकली आहे, पण डोकं आणि जीभ दोन्ही तल्लख. ती म्हणे प्रत्येक वेळी विचारायची, “सुमे, तू माझ्याकडं येतीस का स्टँडवर येतीस?” लग्न झाल्यापासून काकूंनी माहेरी सणासमारंभाशिवाय मुक्काम म्हणून केला नव्हता. हे त्या हसत सांगायच्या, पण सांगून झाल्यावर उगाच सुपातलं धान्य पुन्हा पाखडायच्या.

मी एकदा भीत भीत तात्यांना म्हटलं की आमच्याकडे बैलांनासुद्धा आठवड्याची सुट्टी असते. आमच्या डोंगरात सोमवार महादेवाचा. त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत, नांगर धरत नाहीत. त्याला आम्ही मोडा म्हणतो. घाईचे दिवस असले, वाफसा निघून चालला असला, तरी सोमवारी बैल गोठ्यात रवंथ करतो आणि माणूस त्याच्याकडे बघत बसतो.

तात्या म्हणाले, “आन् तो माणूस बसून काय करतो? दळण घेऊन खाली माझ्याकडं येतो. तुमचा मोडा म्हंजी माझा मरायचा दिवस.”

ते खरंच होतं. सोमवारी वरच्या वाड्यांवरून माणसं नाचणी, वरई, तांदूळ घेऊन उतरतात. रविवारी नोकरदार आणि शाळावाले मोकळे असतात, म्हणून त्यांची दळणं रविवारी. गुरुवार, शनिवार, चतुर्थीच्या आधी उपवासवाले. आठवड्यातला एकेक वार कुणा ना कुणाच्या सवडीचा होता, आणि सगळ्यांची सवड मिळून तात्यांचं काम होत होतं.

हे बदललं ते एका भाकरीमुळे.

गावातले रामभाऊ म्हणून शेतकरी आहेत. त्यांच्या मुलीला बघायला रविवारी पाहुणे येणार होते. त्यांची ज्वारी आदल्या दिवशीपासून नंबरात होती. तात्यांनी त्या सकाळी दगडाला टाकी लावली होती, आणि बाहेर डब्यांची रांग रस्त्यापर्यंत गेली होती. मी तेव्हा एका पोत्याचं तोंड शिवत होतो. तात्यांनी दगड बसवले, पट्टा चढवला आणि समोर रामभाऊंचा डबा होता तो सरळ ओतला. कोंडा घालायचा राहिला. इतक्या वर्षांत त्यांचं हे पहिल्यांदा चुकलं, आणि चुकलं तेव्हा ते उभ्या उभ्या झोपेत होते, असं काकूंचं म्हणणं.

रामभाऊंच्या घरी पंगत बसली आणि पहिल्याच घासाला कचकच आवाज झाला. मुलाचे मामा कवळी काढून पाण्यात धरून बसले. मुलाच्या आईनं भाकरी बाजूला सारून नुसता भात खाल्ला. मुलगा मात्र मान खाली घालून दोन भाकऱ्या शांतपणे चावून उठला आणि ‘आमटी छान झाली होती’ म्हणाला. पाहुणे गेल्यावर रामभाऊ ती अर्धी भाकरी कागदात गुंडाळून गिरणीत आले. त्यांनी भांडण केलं नाही. भाकरी तात्यांच्या हातावर ठेवून म्हणाले, “तात्या, खाऊन बघा राव.”

तात्यांनी घास घेतला. गिरणी चालू होती, तरी मला तो आवाज आल्यासारखं वाटलं.

घाबरू नका, लग्न जमलं. मुलीनंच घरात सांगितलं, जो माणूस दगड खाऊन आमटीची तारीफ करतो त्याच्यासोबत संसार होईल. आता ती मंचरला असते आणि माहेरी आली की गिरणीत डोकावून तात्यांना ‘कच घातली का?’ म्हणून विचारते. पण हे सगळं पुढचं. त्या संध्याकाळी तात्या जेवले नाहीत. काकूंनी ताट झाकून ठेवलं आणि नेहमीच्या आवाजात, म्हणजे सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “दगडाला टाकी लावायला येळ पायजे, आन् तुमाला झोपायला. आईतवारी गिरणी बंद.”

तात्या म्हणाले, “आईतवारीच का? मंगळवार ठेवू.”

“मंगळवारी माझ्या माहेरी कोन असतं घरी? भाऊ नोकरीवर, भाचे कंपनीत. सगळी आईतवारी असत्यात.”

म्हणजे काकूंच्या मनात काय होतं ते तेव्हाच बाहेर आलं होतं. तात्यांच्या लक्षात आलं नाही, आणि आलं असलं तरी त्यांनी दाखवलं नाही.

‘रविवारी गिरणी बंद राहील’ हा फलक मी लिहिला. अक्षर बरं आहे म्हणून मला सांगितलं गेलं. पत्र्यावर ऑइलपेंटनं लिहिताना शेवटी जागा उरली, तर तात्या म्हणाले, खाली ‘अडचण असल्यास मागच्या दाराने यावे’ असं लिही. काकूंनी माझ्या हातातला ब्रश काढून घेतला.

पहिले काही रविवार फार गमतीचे गेले. लोकांना फलक वाचता येत नव्हता असं नाही, पण तो आपल्यासाठी आहे असं कुणाला वाटत नव्हतं. एक निवृत्त गुरुजी उपवासाचा राजगिरा घेऊन आले आणि फलकासमोर उभे राहूनच त्यांनी मला हाक मारली. मी फलकाकडे बोट दाखवलं. ते म्हणाले, वाचला, शुद्धलेखन चांगलं आहे, आता मोटार चालू कर. दुसरे एक जण रोज चौकात तात्यांना टोमणा मारायचे की आता तात्यांना पेन्शनही सुरू झाली असेल. सगळ्यात अवघड गिऱ्हाईक खुद्द तात्या होते. रविवारी ते न्हाऊन, स्वच्छ टोपी घालून ओट्यावर बसायचे आणि रस्त्यानं डोक्यावर डबा घेतलेली बाई दिसली की त्यांचे पाय खाली उतरायचे. काकू आतून नुसत्या खाकरायच्या. पाय पुन्हा वर.

एका रविवारी मात्र मलाही फलकाची लाज वाटली. वरच्या वाडीतली एक म्हातारी आजी नाचणीचं गाठोडं घेऊन चालत उतरली होती. तिला अक्षर येत नव्हतं आणि सुट्टीचं कुणी सांगितलं नव्हतं. ती पायरीवर बसली आणि म्हणाली, “बंद हाय व्हय. बरं.” तेवढंच. ती भांडली असती तर बरं झालं असतं. तात्या उठलेच. दगड उघडून ठेवलेले होते, अर्धी टाकी झाली होती, तरी ते पट्ट्याकडे निघाले. काकूंनी त्यांना अडवलं नाही. त्या घरात गेल्या, स्वतःच्या डब्यातलं नाचणीचं पीठ मापून घेऊन आल्या, आजीच्या फडक्यात बांधलं आणि तिची नाचणी आपल्या डब्यात ओतून घेतली. वर चहा दिला. आजीनं पीठ अंगठ्यानं चोळून बघितलं आणि म्हणाली, “माझ्या नाचणीपरीस लाल हाय. चालंल.”

तेव्हापासून रविवारी घरात नाचणी, बाजरी आणि तांदळाचं थोडं पीठ तयार असतं. लांबून आलेला माणूस दाणे देतो आणि पीठ नेतो. मोटार चालू होत नाही. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकतो आहे, पण दोन्ही बाजूंना इतका आनंद झालेला व्यवहार मी अजून पुस्तकात वाचलेला नाही.

मलाही रविवार मिळाला. पहिल्या रविवारी मला काय करावं ते कळेना. कपडे धुतले, ते वाळेपर्यंत त्यांच्याकडेच बघत बसलो. पुढच्या वेळी सकाळच्या गाडीनं घरी गेलो. वडील नांगर धरून होते. त्यांनी बैल थांबवले आणि विचारलं, “काढलं का काय रं तुला?” सुट्टी आहे हे पटायला त्यांना वेळ लागला. त्यांचा मोडा सोमवारी आणि माझा रविवारी, त्यामुळे आम्ही दोघं एकत्र रिकामे असे अजूनही बसत नाही. मी त्यांच्या मागं नांगराच्या तासातून चालतो आणि ते पुढून विचारतात, कॉलेजात काय शिकवलं. नांगरामागं माझा आवाज चांगला निघतो. एवढी एक खंत सोडली तर रविवारानं मला पुष्कळ दिलं.

आणि त्यातलं सगळ्यात मोठं म्हणजे काकूंची स्कूटी.

तात्यांचा मुलगा चाकणला कंपनीत आहे. त्यानं मोटारसायकल घेतली आणि जुनी स्कूटी गावी आणून लावली. ती गिरणीच्या मागं पोत्यांखाली पडून होती. एका रविवारी दुपारी तात्या झोपले असताना काकूंनी मला बोलावलं. पोती बाजूला केली, पदर खोचला आणि म्हणाल्या, “मास्तर, धर मागून.”

मी म्हणालो, “काकू, मला फक्त सायकल येते.”

“मंग दोघं शिकू.”

गिरणीमागं मोकळं खळं आहे. तिथं आमची शाळा भरायला लागली. मुलानं फोनवरून सांगायचं, मी ते मोठ्यानं काकूंना सांगायचं आणि काकूंनी त्याच्या उलटं करायचं. पहिल्या दिवशी त्यांनी ब्रेक आणि रेस दोन्ही एकदम दाबले. गाडी जागच्या जागी ओरडत राहिली आणि काकू तिच्यापेक्षा मोठ्यानं ओरडून विचारत राहिल्या की ही पुढं का जात नाही. दुसऱ्या वेळी ती गेली, सरळ झाडलोटीच्या पिठाच्या पोत्यात. काकू उठल्या तेव्हा पांढऱ्या झाल्या होत्या, पण पिठानं पांढरं होणं ही आमच्याकडे रोजचीच गोष्ट. शेजारच्या कोंबड्या रविवारी दुपारी आपोआप भिंतीवर चढून बसायला शिकल्या.

तात्यांना हे माहीत नव्हतं असं काकू समजत होत्या. एकदा मी पाणी प्यायला आत गेलो तर तात्या खिडकीच्या फटीतून बघत होते. मला बघून ते पटकन खाटेवर आडवे झाले आणि डोळे मिटूनच म्हणाले, “वळताना पाय खाली टाकती. तिला म्हण, पाय वर घे.” मी काकूंना तसं सांगितलं. कुणी सांगितलं ते सांगितलं नाही.

नवरात्रापर्यंत काकू घोडेगावला जाऊन भाजी घेऊन यायला लागल्या. लायसन्सही रीतसर काढलं. मग एका शनिवारी संध्याकाळी दळणं संपल्यावर त्यांनी पट्टा उतरवला, हात धुतले आणि तात्यांना म्हणाल्या, “उद्या मी निमगावला चालले. गाडीवर.”

तात्या म्हणाले, मंचरच्या पुढं हायवे आहे, उसाच्या ट्रॉल्या असतात, कळंबला गर्दी असते. काकू म्हणाल्या, ते सगळं एसटीच्या खिडकीतून बघितलंय. तात्या म्हणाले, मग मी मागं बसतो.

“तुमी मागं बसला की मला तुमचाच ब्रेक लागंल. मी एकटी जाणार. आईला सांगितलंय, जेवायला येते म्हणून.”

ठरलं ते असं : मंचरला पोचल्यावर एक फोन, नारायणगावला एक आणि घरी पोचल्यावर एक. मधे कुणी फोन करायचा नाही, कारण गाडीवर फोन वाजला की काकू दचकतात.

रविवारी सकाळी काकू निघाल्या. नवी साडी, त्यावर मुलाचं जुनं जॅकेट, डोक्यावर हेल्मेट आणि पायाशी पिशवीत आईसाठी ताज्या नाचणीचं पीठ. स्टँडवरची माणसं उभी राहून बघत होती. काकूंनी हेल्मेटच्या आतून काहीतरी सांगितलं. हेल्मेट असूनही ते सगळ्यांना ऐकू गेलं : तात्यांनी दूध उतू घालवू नये.

आम्ही दोघं ओट्यावर बसलो. फोन तात्यांच्या मांडीवर. मंचरचा फोन आला. काकू म्हणाल्या, काही नाही, सोपं आहे. तात्या मला म्हणाले, “बघ, मी म्हनलं नव्हतं का?” त्यांनी असं काहीच म्हटलं नव्हतं.

मग नारायणगावचा फोन यायचा तो आला नाही.

पहिल्यांदा तात्या म्हणाले, रेंज नसेल. मग म्हणाले, चहाला थांबली असेल. मग टोपी काढून तिची घडी बघायला लागले. मी फोन करू का विचारलं. ते म्हणाले, नको, गाडीवर असली तर दचकंल.

तेवढ्यात पिकअप येऊन थांबली. शेजारच्या गावात सप्ताह बसायचा होता, महाप्रसादाच्या पुरीसाठी गव्हाची पोती घेऊन चार-पाच कार्यकर्ते आले होते. त्यांची नेहमीची गिरणी बिघडली होती. देवाचं काम, एवढं मोठं दळण आणि जवळ दुसरी सोय नाही. मला वाटलं आता फलक गेला. खरं सांगायचं तर मलाच वाटलं की चालू करावी. हातांना काम असलं की वेळ जातो.

तात्या उभे राहिले. गव्हाच्या पोत्यात हात घातला, दाणे बघितले, आणि हात बाहेर काढून म्हणाले, “पोती उतरवून ठेवा. उद्या पहाटे पहिलं दळण तुमचं. आज न्हाई.”

कार्यकर्ते हसले. एक ओळखीचा होता, तो म्हणाला, “तात्या, काकू माहेरी गेल्या म्हणून मोटारबी रुसली काय?”

“मोटार चालू केली तर फोन ऐकू यायचा न्हाई,” तात्या म्हणाले.

इतके दिवस रविवारची सुट्टी ही काकूंची होती आणि तात्या ती नाइलाजानं पाळत होते. त्या दिवशी गिरणी बंद ठेवली ती त्यांनी स्वतः. कार्यकर्त्यांनी पोती उतरवली, आणि गंमत म्हणजे कुणी निघून गेलं नाही. सगळी तिथंच ओट्यावर आणि पोत्यांवर बसली. गिरणीसमोर इतकी माणसं आणि इतकी शांतता मी पहिल्यांदा बघत होतो. त्या शांततेत मला कधी न ऐकलेल्या गोष्टी ऐकू आल्या. छपरात चिमण्यांचं घरटं होतं. रस्त्यापलीकडे पाट वाहत होता. तात्या श्वास घेताना बारीक शीळ वाजते, तीही त्या दिवशी कळली.

दूध उतू गेलं. वासावरून कळलं, पण कुणी उठलं नाही.

आणि फोन वाजला.

तात्यांचा अंगठा पिठाच्या सवयीनं स्क्रीनवर नुसता चोळला गेला, फोन उचलला जाईना. मी पुढं होऊन बटण दाबलं. स्पीकर लावायची गरज नव्हती.

“पोचले हो,” काकूंचा आवाज आला. “कवाच पोचले. नारायणगावात थांबायचं ध्यानातच राहिलं न्हाई, गाडी लई झ्याक चालली व्हती. इथं आले तर फोन करून देईना कुणी. आई म्हनली, आधी मला बसव. तिला मागं बसवून देवळापर्यंत नेली. आता उतरायला तयार न्हाई. म्हनती, अजून एक फेरी.”

मागून एक थकलेला, खट्याळ आवाज आला, “जावईबापूंना सांग, सुमी आज ऱ्हाणार हाये.”

तात्या मोटार चालू असल्यासारखे मोठ्यानं ओरडले, “ऱ्हाऊ द्या. उद्याचं दळण आमी बघतो. दूध ठीक हाये.”

फोन बंद झाला. प्रत्येक शब्द आम्ही सगळ्यांनी ऐकला होता, बहुतेक स्टँडवरही ऐकला गेला असावा. तरी तात्यांनी टोपी डोक्यावर नीट बसवली, एकेकाच्या तोंडाकडे बघितलं आणि कुणालाच काही माहीत नसल्यासारखं सांगितलं,

“पोचली.”